विश्लेषण : गुणसूत्रांवर विश्वास नसलेल्या शास्त्रज्ञानेच त्यांचा नकाशा कसा घडवला?

एकाच आईवडिलांची दोन मुले. एकाला आजोबांचे कुरळे केस मिळतात, दुसऱ्याला आजीचा रंग. एकसारखी जुळी सोडली, तर सख्खी भावंडेही तंतोतंत सारखी नसतात. बीजांड आणि शुक्राणू तयार होताना गुणसूत्रांमध्ये होणारी अदलाबदल हे याचे एक मोठे कारण. अमेरिकी शास्त्रज्ञ थॉमस हंट मॉर्गन यांनी १९११ मध्ये फळमाश्यांवरील प्रयोगांच्या आधारे ही अदलाबदल मांडली. गंमत अशी, की त्याच्या जेमतेम वर्षभर आधीपर्यंत आनुवंशिक गुण गुणसूत्रांवरून वाहून नेले जातात, ही कल्पनाच त्यांना पटत नव्हती. त्यांचे मत कशामुळे बदलले आणि त्यातून विज्ञानाच्या हाती काय लागले, याचा हा आढावा.

थॉमस हंट मॉर्गन कोण होते?

मॉर्गन यांचा जन्म २५ सप्टेंबर १८६६ रोजी अमेरिकेतील केंटकी राज्यात, लेक्सिंग्टन शहरात झाला. वाटाण्याच्या झाडांवरील प्रयोगांतून आनुवंशिकतेचे नियम सांगणारा ग्रेगोर मेंडेल यांचा निबंधही त्याच वर्षी छापून आला, हा निव्वळ योगायोग. मॉर्गन यांचे घराणे नामांकित होते. त्यांचे काका जॉन हंट मॉर्गन हे अमेरिकी यादवी युद्धात दक्षिणेकडील राज्यांच्या फौजेतील गाजलेले सेनानी. आईच्या बाजूने पणजोबा फ्रान्सिस स्कॉट की हे अमेरिकेच्या राष्ट्रगीताचे कवी. मात्र, युद्धानंतर घराची सुबत्ता ओसरली होती.

लहानपणापासून रानोमाळ हिंडून कीटक, पक्ष्यांची अंडी, जीवाश्म गोळा करण्याचा त्यांना नाद होता. केंटकीत पदवी घेतल्यावर ते बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात गेले. १८९० मध्ये त्यांनी सागरी कोळ्यांवरील संशोधनासाठी डॉक्टरेट मिळवली. पुढे ब्रिन मॉर या महिला महाविद्यालयात ते प्राध्यापक झाले. एका अंड्यातून संपूर्ण प्राणी कसा घडतो, हा त्यांच्या आवडीचा प्रश्न. बेडकांची आणि सागरी प्राण्यांची अंडी घेऊन ते सतत प्रयोग करत. जे प्रयोगाने तपासता येत नाही त्याबद्दल ठाम बोलू नये, हा त्यांचा स्वभाव या काळात पक्का झाला.

१९०४ मध्ये त्यांनी लिलियन व्हॉन सॅम्पसन यांच्याशी विवाह केला. लिलियन स्वतः जीवशास्त्रज्ञ होत्या. त्याच वर्षी मॉर्गन न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात रुजू झाले.

गुणसूत्रांवर त्यांचा आक्षेप काय होता?

मेंडेल यांचे काम सुमारे ३५ वर्षे दुर्लक्षित राहिले आणि १९०० मध्ये पुन्हा उजेडात आले. पाठोपाठ १९०२-०३ च्या सुमारास कोलंबियातीलच वॉल्टर सटन आणि जर्मनीतील थिओडोर बोव्हेरी यांनी एक धाडसी कल्पना मांडली. पेशीच्या केंद्रकात दिसणारी दोऱ्यासारखी गुणसूत्रे मेंडेल यांच्या ‘घटकां’सारखीच वागतात. ती जोडीने असतात, पुनरुत्पादक पेशी तयार होताना जोडी फुटते, फलनानंतर पुन्हा जमते. मग हे घटक गुणसूत्रांवरच बसलेले असणार, असा त्यांचा तर्क होता.

मॉर्गन यांना हा तर्क घाईचा वाटला. त्यांचा एक आक्षेप तर अगदी साध्या हिशेबाचा होता. गुणसूत्रांची संख्या थोडी आणि सजीवांचे गुण असंख्य. वाटाण्याला गुणसूत्रांच्या सातच जोड्या, फळमाशीला तर चारच. शेकडो गुण इतक्या कमी गुणसूत्रांवर बसवले असतील, तर ते गठ्ठ्या-गठ्ठ्यानेच पुढच्या पिढीत जायला हवेत. प्रत्यक्षात तसे सरसकट दिसत नव्हते. १९१० मध्येही त्यांनी हा आक्षेप छापील लेखात मांडला होता.

आक्षेप चुकीचा नव्हता. उलट तो नेमक्या ठिकाणी बोट ठेवणारा होता. त्याचे उत्तर मात्र त्यांच्याच प्रयोगशाळेतल्या बाटल्यांमध्ये वाढत होते.

प्रयोगासाठी फळमाशीच का?

पिकलेल्या केळ्याभोवती घोंघावणारी, आपण हाताने हाकलतो ती इवलीशी माशी म्हणजे फळमाशी. शास्त्रीय नाव ड्रॉसोफिला मेलॅनोगॅस्टर. मॉर्गन यांच्याआधीही अमेरिकेतील काही प्रयोगशाळांत ती वापरली जात होती. ती पाळायला खर्च जवळपास नाही. दुधाच्या बाटलीत पिकलेल्या केळ्याचा लगदा ठेवला, की काम भागते. अंड्यापासून प्रौढ माशी व्हायला दहा-बारा दिवस लागतात. एक मादी शेकडो अंडी घालते. माणसाच्या तीन पिढ्या पाहायच्या तर आयुष्य जाते, माशीच्या तीन पिढ्या महिना-दीड महिन्यात हाती येतात.

मॉर्गन यांना सुरुवातीला मेंडेल यांचे नियम सिद्ध करायचे नव्हतेच. सजीवांत अचानक मोठे बदल होऊन नवे प्रकार निर्माण होतात का, हे त्यांना पाहायचे होते. सुमारे दोन वर्षे माश्यांच्या पिढ्यांमागून पिढ्या तपासूनही ठळक असे काही हाती लागले नव्हते.

हे काम चालायचे ती खोली पुढे ‘फ्लाय रूम’ म्हणून जगप्रसिद्ध झाली. शर्मरहॉर्न सभागृहाच्या इमारतीतील ही खोली १६ फूट रुंद आणि २३ फूट लांब, म्हणजे मुंबईतल्या एखाद्या वन रूम किचनएवढी. त्यात आठ टेबले, हजारो माश्या आणि आंबलेल्या केळ्यांचा वास.

पांढऱ्या डोळ्यांच्या माशीने काय बदलले?

१९१० मध्ये एका बाटलीत वेगळाच नर दिसला. फळमाशीचे डोळे लालभडक असतात, याचे पांढरे होते. मॉर्गन यांनी त्याचा संकर लाल डोळ्यांच्या माद्यांशी केला. पहिल्या पिढीत जवळपास सगळ्या, म्हणजे १,२३७ माश्या लाल डोळ्यांच्या निघाल्या. या माश्यांचा आपसात संकर केल्यावर दुसऱ्या पिढीत पांढरे डोळे परतले. लाल डोळ्यांच्या माद्या २,४५९, लाल डोळ्यांचे नर १,०११ आणि पांढऱ्या डोळ्यांचे नर ७८२. या पिढीत पांढऱ्या डोळ्यांची मादी मात्र एकही नव्हती.

हा आकडा मॉर्गन यांना स्वस्थ बसू देईना. डोळ्यांचा रंग आणि लिंग यांची गाठ कुठेतरी बांधलेली होती. लिंग गुणसूत्रांवरून ठरते, हे तोवर पुढे आले होते. मॉर्गन यांच्या माजी विद्यार्थिनी नेटी स्टीव्हन्स यांनी १९०५ मध्ये पिठातील किड्यांवर आणि एडमंड विल्सन यांनी कोलंबियात इतर कीटकांवर ते दाखवले होते. मादीकडे दोन एक्स गुणसूत्रे, नराकडे एक एक्स आणि एक वाय. पांढऱ्या डोळ्यांचा घटक एक्स गुणसूत्रावर असेल, तर सगळे आकडे जुळत होते. नराकडे एकच एक्स असल्याने त्याच्यावर जे असेल ते थेट दिसते. मादीत दुसरे एक्स ते झाकून टाकते.

एखादा गुण विशिष्ट गुणसूत्रावर नेऊन ठेवता येतो, हे प्राण्यांच्या प्रयोगातून असे प्रथमच स्पष्ट होत होते. आपण ज्या कल्पनेला विरोध केला तिलाच आपले आकडे साथ देत आहेत, हे मॉर्गन यांना दिसले. त्यांनी आकडे बाजूला सारले नाहीत, मत बदलले.

मग अडचण कुठे आली?

डोळ्यांपाठोपाठ आणखी बदल सापडू लागले. पिवळे शरीर, आखूड पंख, शेंदरी डोळे. यातले कित्येक एक्स गुणसूत्रावरचेच निघाले. म्हणजे आता मॉर्गन यांच्या जुन्या आक्षेपाची परीक्षा घेता येणार होती. एकाच गुणसूत्रावर बसलेले गुण गठ्ठ्याने जातात का?

त्यांनी अशी मादी घेतली, जिच्या एका एक्सवर पांढऱ्या डोळ्यांचा घटक होता आणि दुसऱ्या एक्सवर आखूड पंखांचा. मुलग्यांना एक्स केवळ आईकडून मिळते. त्यामुळे मुलगा पाहिला की आईच्या बीजांडात काय होते ते कळते. गुणसूत्र अखंड जात असेल, तर मुलगे दोनच प्रकारचे निघायला हवेत. पांढरे डोळे आणि लांब पंख असलेले किंवा लाल डोळे आणि आखूड पंख असलेले.

बहुसंख्य मुलगे तसेच निघाले. पण सुमारे एक तृतीयांश मुलग्यांनी नियम मोडला. काहींत पांढरे डोळे आणि आखूड पंख दोन्ही एकत्र आले होते. काहींत दोन्ही नव्हते. आईच्या दोन वेगवेगळ्या गुणसूत्रांवरचे घटक एका गुणसूत्रावर येऊन बसले होते. दुसरीकडे पिवळे शरीर आणि पांढरे डोळे या जोडीत अशी फारकत शंभरात जेमतेम एकदा होत होती.

म्हणजे गुण गठ्ठ्याने जातही होते आणि गठ्ठा सुटतही होता. शिवाय तो प्रत्येक जोडीसाठी ठरावीक प्रमाणात सुटत होता. इंग्लंडमध्ये विल्यम बेटसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना काही वर्षांपूर्वी फुलझाडांत अशीच अर्धवट जवळीक दिसली होती. मात्र, बेटसन गुणसूत्रांचे स्पष्टीकरण मानायला तयार नव्हते.

उत्तर कुठे सापडले?

उत्तराचा धागा बेल्जियममध्ये होता. ल्यूवेन येथील धर्मगुरू आणि पेशीशास्त्रज्ञ फ्रान्स आल्फोन्स यान्सेन्स यांनी १९०९ मध्ये उभयचर प्राण्यांच्या पेशींतील एक दृश्य नोंदवले होते. पुनरुत्पादक पेशी तयार होताना जोडीतील गुणसूत्रे एकमेकांना बिलगतात आणि नंतर विलग होताना काही ठिकाणी फुलीसारखी अडकलेली दिसतात. या फुल्यांपाशी गुणसूत्रे तुटून परस्परांशी जोडली जात असावीत, असे यान्सेन्स यांचे म्हणणे होते. सूक्ष्मदर्शकातून फुली दिसत होती. तुकड्यांची देवाणघेवाण झाल्याचा पुरावा मात्र त्यांच्याकडे नव्हता.

मॉर्गन यांच्याकडे देवाणघेवाणीचे आकडे होते, पण ती कशी होते याचे चित्र नव्हते. १९११ मध्ये त्यांनी दोन्ही एकत्र आणले. घटक गुणसूत्रावर एका रांगेत बसलेले असतात. जोडीतील गुणसूत्रे बिलगतात तेव्हा ती मधे तुटून परस्परांशी जोडली जातात. दोन घटक जितके जवळ, तितकी त्यांच्यामध्ये तूट होण्याची शक्यता कमी. ते जितके लांब, तितकी फारकत जास्त. या प्रक्रियेला पुढे ‘क्रॉसिंग ओव्हर’ हे नाव रूढ झाले.

दोन माळा डोळ्यांसमोर आणा. एक लाल मण्यांची, एक पांढऱ्या मण्यांची, दोन्हींत मणी सारखेच. दोन्ही शेजारी ठेवून एकाच जागी कापल्या आणि तुकडे अदलून गाठ मारली, तर अर्धी लाल आणि अर्धी पांढरी अशा दोन नव्या माळा तयार होतात. लागून असलेल्या दोन मण्यांमधूनच कात्री जाण्याची शक्यता थोडी. माळेच्या दोन टोकांच्या मण्यांमध्ये कुठेतरी कात्री पडण्याची शक्यता भरपूर.

पेशीत नेमके काय घडते?

शरीराच्या साध्या पेशी विभागतात तेव्हा गुणसूत्रांची संख्या तीच राहते. बीजांड आणि शुक्राणूंसाठी मात्र ती निम्मी व्हावी लागते, नाहीतर दर पिढीत ती दुप्पट होत जाईल. ही निम्मी करणारी प्रक्रिया म्हणजे अर्धगुणसूत्री विभाजन, अर्थात मायोसिस. त्यात गुणसूत्रांची प्रत एकदाच तयार होते, पेशी मात्र दोनदा विभागते.

पहिल्या विभाजनाची सुरुवातीची अवस्था सर्वांत लांब आणि महत्त्वाची. मानवी पेशीत २३ जोड्या असतात. प्रत्येक जोडीतील एक गुणसूत्र आईकडून आणि एक वडिलांकडून आलेले. त्यांना समजात गुणसूत्रे म्हणतात. या अवस्थेत ती एकमेकांना शोधून काढतात आणि लांबीभर, जनुकासमोर जनुक अशी जुळतात. त्यांच्यामध्ये प्रथिनांची शिडीसारखी रचना तयार होते आणि चेनसारखी दोघांना घट्ट धरते. ही रचना इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातून १९५६ मध्ये, म्हणजे मॉर्गन यांच्या निधनानंतर दिसली.

आज आपल्याला आणखी एक गोष्ट माहीत आहे. ही अदलाबदल अपघाताने होत नाही. पेशी स्वतःच, एका विशिष्ट प्रथिनाच्या मदतीने, आपला डीएनए ठिकठिकाणी तोडते. एरवी डीएनए तुटणे पेशीसाठी धोक्याचे असते. इथे ती जाणूनबुजून तोडते आणि जोडीदार गुणसूत्राच्या आधाराने दुरुस्त करते. बहुतेक तुटी जागच्या जागी सांधल्या जातात. थोड्या ठिकाणी तुकड्यांची अदलाबदल होते. तिथेच यान्सेन्स यांना दिसलेल्या फुल्या तयार होतात.

अदलाबदल नसती, तरीही वैविध्य राहिलेच असते. २३ जोड्यांतून प्रत्येकी एक गुणसूत्र निवडण्याचे ८३,८८,६०८ प्रकार होतात. चौऱ्यांशी लक्ष योनींचा आकडा इथे जवळपास आपोआप येतो, तोही एका माणसापुरता. पण त्यात प्रत्येक गुणसूत्र आजीचे किंवा आजोबांचे, जसेच्या तसे आले असते. अदलाबदलीमुळे एकाच गुणसूत्रात दोघांचे तुकडे येतात आणि शक्यता मोजण्यापलीकडे जातात.

एका रात्रीत नकाशा कसा तयार झाला?

मॉर्गन यांच्या हाताखाली आल्फ्रेड स्टर्टेव्हंट नावाचा पदवीचा विद्यार्थी होता. वडिलांच्या घोड्यांच्या रंगांच्या वंशावळी मांडणारा त्याचा निबंध मॉर्गन यांना आवडला आणि त्यांनी त्याला प्रयोगशाळेत जागा दिली. १९११ च्या अखेरीस मॉर्गन यांच्याशी बोलताना त्याला एक गोष्ट सुचली. फारकतीचे प्रमाण अंतरावर अवलंबून असेल, तर प्रमाण मोजून अंतर काढता येईल आणि अंतरांवरून क्रमही लावता येईल.

प्रयोगांची आकडेवारी घेऊन तो घरी गेला. कॉलेजचा गृहपाठ बाजूला ठेवून रात्रभर आकडेमोड केली आणि सकाळपर्यंत एक्स गुणसूत्राचा पहिला नकाशा तयार झाला. १९१३ मध्ये तो प्रसिद्ध झाला. पिवळे शरीर शून्यावर, पांढरे डोळे १.० वर, शेंदरी डोळे ३०.७ वर, आखूड पंख ३३.७ वर आणि खुरटे पंख ५७.६ वर. कुणीही न पाहिलेल्या जनुकांचे पत्ते केवळ माश्या मोजून काढले गेले होते.

मॉर्गन यांच्या आक्षेपालाही आता पूर्ण उत्तर मिळाले. गुण खरोखर गठ्ठ्यानेच जात होते, फक्त अदलाबदलीमुळे गठ्ठा अधूनमधून सैल होत होता. फळमाशीच्या गुणांचे असे किती गट आहेत, हे मोजले गेले. १९१४ पर्यंत चार गट मिळाले. गुणसूत्रांच्या जोड्याही चारच.

श्रेय एकट्या मॉर्गन यांचेच का?

नाही. स्टर्टेव्हंट यांच्यासोबत कॅल्व्हिन ब्रिजेस होते. बाटल्या धुण्याच्या कामावर असताना जाड काचेतून त्यांना वेगळ्या डोळ्यांची माशी दिसली आणि ते संशोधनात आले. पुढे गुणसूत्रे विलग होण्यात झालेली चूक आणि गुणांतील चूक हातात हात घालून येतात, हे दाखवून त्यांनी गुणसूत्र सिद्धांताचा भक्कम पुरावा दिला. हर्मन मुलर हे तिसरे. १९१५ मध्ये मॉर्गन आणि या तिघांनी मिळून लिहिलेल्या पुस्तकाने जनुकशास्त्राचा पाया घातला. त्यानंतर आक्षेप घेणारेही हळूहळू नमले. १९२१ च्या अखेरीस बेटसन यांनी न्यूयॉर्कला येऊन काचपट्ट्या पाहिल्या आणि गुणसूत्रांची भूमिका बऱ्याच अंशी मान्य केली.

खोलीत मोकळेपणा होता. कुणीही कुणाच्याही प्रयोगावर टीका करू शकत असे, कल्पना हवेत उडत असत. पण त्यामुळेच कल्पना कुणाची हे ठरवणे अवघड होते. मुलर यांना आपल्या वाट्याचे श्रेय मिळाले नाही, अशी खंत कायम राहिली. त्यांना स्वतंत्र कामासाठी १९४६ मध्ये नोबेल मिळाले. लिलियन मॉर्गन यांनी मुले लहान असताना संशोधन थांबवले होते. परतल्यावर त्यांनी एकमेकांना चिकटलेली एक्स गुणसूत्रे असलेली माशी शोधून काढली. अदलाबदल नेमकी कोणत्या टप्प्यावर होते, हे ठरवायला तीच माशी उपयोगी पडली. तरीही लिलियन यांना बराच काळ कोणतेही अधिकृत पद नव्हते.

प्रत्यक्ष पुरावा कधी मिळाला?

वीस वर्षे सगळा डोलारा आकड्यांवर उभा होता. गुणांची अदलाबदल होते तेव्हा गुणसूत्रांचे तुकडेही खरोखर बदलतात, हे कुणी डोळ्यांनी पाहिले नव्हते. १९३१ मध्ये कॉर्नेल विद्यापीठात हॅरिएट क्राइटन आणि बार्बरा मॅक्लिंटॉक यांनी मक्यात ते दाखवले. त्यांनी एका टोकाला गाठ आणि दुसऱ्या टोकाला जास्तीचा तुकडा असलेले गुणसूत्र निवडले. दाण्याचे गुण नव्याने एकत्र आले, की गाठ आणि तुकड्याची फारकत झालेली सूक्ष्मदर्शकाखाली दिसत होती. त्याच वर्षी कॉर्नेलला आलेल्या मॉर्गन यांनी हे काम पाहिले आणि आणखी पीक येण्याची वाट न पाहता ते लगेच प्रसिद्ध करण्याचा आग्रह धरला. काही आठवड्यांतच जर्मनीत कुर्ट स्टर्न यांनी फळमाशीतही तेच सिद्ध केले.

अखेरची वर्षे कशी गेली?

१९२८ मध्ये, वयाच्या साठीनंतर, मॉर्गन कॅलिफोर्नियात गेले. पासाडेनातील कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेत त्यांनी जीवशास्त्राचा विभाग उभा केला. स्टर्टेव्हंट आणि ब्रिजेस त्यांच्यासोबत गेले. आनुवंशिकतेतील गुणसूत्रांच्या भूमिकेबद्दल १९३३ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल त्यांना एकट्याला मिळाले. डिसेंबरमधील समारंभाला ते गेले नाहीत. पुढच्या वर्षी स्वीडनला जाऊन त्यांनी व्याख्यान दिले. पारितोषिकाच्या रकमेतील वाटा त्यांनी स्टर्टेव्हंट आणि ब्रिजेस यांच्या मुलांसाठी दिला. ज्यांच्या कामावर हे यश उभे होते, त्यांची आठवण त्यांनी आपल्या पद्धतीने ठेवली.

उतारवयातही ते पुन्हा सागरी प्राण्यांच्या अंड्यांकडे वळले. ४ डिसेंबर १९४५ रोजी पासाडेना येथे वयाच्या ७९ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. जनुकांमधील अंतर मोजण्याचे एकक आजही ‘सेंटिमॉर्गन’ आहे. शंभरात एक फारकत म्हणजे एक सेंटिमॉर्गन. हे नाव सुचवणारे जे. बी. एस. हाल्डेन पुढे भारतात स्थायिक झाले आणि भारतीय नागरिकही बनले.

आज या अदलाबदलीचे महत्त्व काय?

पहिले, रोगांची जनुके शोधण्यात. १९८३ मध्ये हंटिंग्टन या मेंदूच्या आनुवंशिक आजाराचे जनुक चौथ्या गुणसूत्रावर आहे, हे कळले. कुटुंबांच्या पिढ्यांमध्ये आजारासोबत कोणती खूण जाते आणि कोणती सुटते, हे मोजूनच ते ठरले. तर्क तोच, फक्त दुधाच्या बाटल्यांऐवजी रक्ताचे नमुने. पिकांचे नवे वाण तयार करणारे संशोधकही रोगप्रतिकारक आणि जास्त उत्पन्नाचे गुण एकत्र आणण्यासाठी याच अदलाबदलीवर अवलंबून असतात.

दुसरे, ही अदलाबदल केवळ वैविध्यासाठी नाही. पेशीचे दोन ध्रुव गुणसूत्रांना विरुद्ध दिशांना खेचतात, तेव्हा जोडी योग्य क्षणापर्यंत एकत्र धरून ठेवण्याचे काम त्या फुल्याच करतात. जोडीत अदलाबदल झालीच नाही किंवा भलत्या जागी झाली, तर दोन्ही गुणसूत्रे एकाच बाजूला जाऊ शकतात. २१ व्या गुणसूत्राची जास्तीची प्रत आल्याने होणाऱ्या डाऊन सिंड्रोमच्या काही प्रकरणांमागे हेच कारण आढळले आहे. निसर्गात याला अपवादही आहेत. फळमाशीच्या नरात अदलाबदल होतच नाही, हे मॉर्गन यांनीच १९१२ मध्ये नोंदवले. तिथे जोड्या धरून ठेवायला वेगळी व्यवस्था असते.

स्त्रियांमध्ये ही अदलाबदल जन्माच्याही आधी होते. मुलगी आईच्या गर्भात असतानाच तिच्या बीजांडांच्या पूर्वपेशींत गुणसूत्रे जुळतात, तुकडे बदलतात आणि तिथेच थांबतात. पुढचा टप्पा वयात आल्यावर, एकेका बीजांडासाठी, कधी चाळीस वर्षांनीही पार पडतो. म्हणजे आपल्याला आईकडून जी गुणसूत्रे मिळाली, त्यांची सरमिसळ आपली आई आजीच्या पोटात होती तेव्हाच झालेली होती.